धोतऱ्याचं नाव घ्या, साहेब

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद
प्रत : प्राथमिक शिक्षणाधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी आणि आमच्या तालुक्यातल्या सर्व ग्रामपंचायती

साहेब, नमस्कार.

गेल्या भाद्रपदात आपल्या कार्यालयातून शाळांना एक परिपत्रक गेलं. त्याची झेरॉक्स माझ्यासमोर आहे. मजकूर जेमतेम तीन वाक्यांचा. शाळेच्या परिसरातली विषारी झुडपं तणनाशक मारून तत्काळ नष्ट करावीत, विद्यार्थ्यांना कोणतंही रानफळ खाऊ देऊ नये, आणि यात कसूर झाल्यास मुख्याध्यापकांना जबाबदार धरलं जाईल. ज्या झुडपापायी हे परिपत्रक काढावं लागलं, त्याचं नाव त्यात कुठंही नाही.

ते झुडूप धोतऱ्याचं होतं. आमच्या गावच्या शाळेमागं त्याच्या बिया खाऊन दोन मुलांना विषबाधा झाली होती. मी तेव्हाच आपल्या कार्यालयाला लेखी कळवलं, पोचही घेतली. उत्तर आलं नाही. आता जून तोंडावर आला आहे. शाळा उघडतील, मृगाचा पाऊस पडेल आणि त्याच जागी धोतरा पुन्हा उगवेल. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

मी याच जिल्ह्यात परिचारिका होते, बरीचशी नोकरी प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली. निवृत्त झाले तरी गावासाठी मी अजून सिस्टरच आहे. विंचू चावला, पोर तापलं, कुणाची साखर वाढली की आधी माझं दार वाजतं. माझी नात आता याच शाळेत दुसरीत जाईल. तेव्हा या प्रकरणात मी तिऱ्हाईत नाही, हे आधीच सांगते.

त्या दिवशी घडलं ते असं. मधल्या सुट्टीत दुसरी-तिसरीतली तीन मुलं शाळेमागच्या मोकळ्या जागेत दुकान-दुकान खेळत होती. धोतऱ्याची काटेरी बोंडं फोडून त्यातल्या बिया त्यांनी पानावर मांडल्या. ही तूर, हे तीळ, हे जिरं. गिऱ्हाइकानं माल चाखून बघायचा असतो, तसा एकानं चाखला आणि दुसऱ्यानंही. तिसऱ्याला कडू लागलं म्हणून त्यानं थुंकलं, एवढंच त्याचं नशीब. तासाभरात दोघांची बोलणी बदलली. एकाचा बाप त्याला मोटारसायकलवर घालून माझ्याकडे घेऊन आला, दुसऱ्याला त्याच्या चुलत्यानं आणलं. पोराचं अंग चटका बसावा इतकं गरम, पण घामाचा थेंब नाही. तोंड कोरडं, जीभ टाळ्याला चिकटलेली, चेहरा लालबुंद. डोळ्यांच्या बाहुल्या इतक्या मोठ्या की बुबुळाचा रंग दिसेना. आणि तो हवेतून काहीतरी चिमटीत पकडत होता, जणू दोरे ओढतो आहे. समोर नसलेल्या शेळीला हाकलत होता.

दिवस कपाशीच्या फवारणीचे होते. बाप एकच सांगत होता, "सिस्टर, औषध पोटात गेलंय." आमच्या भागात तसं वाटणं साहजिक आहे. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीनं किती शेतमजूर दगावले ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. तेव्हापासून शेतातून बेशुद्ध माणूस आला की पहिला संशय कीटकनाशकावर जातो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो.

साहेब, इथं मी थोडं थांबणार आहे, कारण सगळ्या पत्राचा जीव या जागी आहे. फवारणीच्या बऱ्याच औषधांची विषबाधा झाली की लाळ गळते, घाम फुटतो, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक होतात. त्यावरचा उतारा ॲट्रोपीन. ते प्रत्येक आरोग्य केंद्रात असतं आणि असायलाच हवं. पण धोतऱ्यात जे विष आहे त्यात ॲट्रोपीनच आहे, सोबत त्याचीच भावंडं हायोसायमीन आणि स्कोपोलामीन. धोतरा खाल्लेल्या पोराला फवारणीचं विष समजून ॲट्रोपीन टोचलं, तर आपण त्याला आणखी धोतरा दिल्यासारखं होतं. पुस्तकात साधारण हिशोब असा सांगतात की धोतऱ्याच्या शंभर बियांत ६ मिलिग्रॅमच्या आसपास ॲट्रोपीन निघतं. केंद्रातल्या एका ॲम्प्यूलमध्ये ते ०.६ मिलिग्रॅम असतं. म्हणजे शंभर बियांत दहा ॲम्प्यूल. आणि एका बोंडात शंभरापेक्षा कितीतरी जास्त बिया असतात.

केंद्रावरच्या तरुण डॉक्टरांनी आधी टॉर्च मारून बाहुल्या पाहिल्या, नाडी पाहिली, मुलांच्या खिशात हात घालायला सांगितलं. एकाच्या खिशातून बिया निघाल्या. मग १०८ला फोन, जिल्हा रुग्णालय, सलाईन, लघवीची नळी, शांत करणारं इंजेक्शन. दोन्ही मुलं वाचली. एकाला नंतर बरेच दिवस पुस्तकातली अक्षरं धूसर दिसत होती, पण तेही गेलं. त्या डॉक्टरांचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण त्यांना विचारलेलं नाही. पण आपल्या परिपत्रकाला त्यांच्या टॉर्चइतकी जरी जिज्ञासा असती, तर मला हे लिहावं लागलं नसतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, नाव न घेतल्याची. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत "विषारी बिया खाल्ल्याने विद्यार्थ्यांना विषबाधा" एवढंच आलं, आणि आपल्या परिपत्रकात तीच ओळ जरा सरकारी होऊन उतरली. विषारी म्हणजे कोणत्या? आपल्या राज्यातल्या शाळांमधून अशा बातम्या अधूनमधून येतात, त्यात बऱ्याचदा चंद्रज्योत असते, जिला कुणी मोगली एरंड म्हणतं. ती एरंडाच्या कुळातली. तिच्या बियांनी उलट्या आणि जुलाब होतात, पोर पाणी सुटून गळून जातं. धोतऱ्यानं नेमकं उलटं होतं, सगळं कोरडं पडतं आणि डोकं फिरतं. एकाची तयारी ठेवून दुसऱ्याला तोंड देता येत नाही. धोतऱ्याचं नाव आपल्या कागदावर आलं असतं, तर पुढच्या वेळी कुठल्याशा वस्तीवरचे गुरुजी डॉक्टरांना फोनवर एका शब्दात सांगू शकले असते.

सरकारला हे नाव ठाऊक नाही असंही नाही. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांतल्या अनुसूची ई(१)मध्ये आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी औषधांत वापरल्या जाणाऱ्या विषारी द्रव्यांची यादी आहे. वचनाग, कुचला, गुंज, कण्हेर यांच्या पंगतीला तिथं धोतराही बसलेला आहे. ज्या औषधात तो आहे त्याच्या बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना छापावी लागते. बाटलीत शुद्ध करून, मोजून घातलेल्या धोतऱ्याला सूचना, आणि शाळेच्या भिंतीला टेकून बोंडं लोंबवत उभ्या असलेल्या धोतऱ्याला काहीच नाही.

दुसरी तक्रार मुख्याध्यापिकाबाईंना दिलेल्या कारणे दाखवा नोटिशीची. शाळेमागची ती जागा शाळेची नाही, गावठाणाची आहे. तिथं गावाचे उकिरडे आहेत. शाळेला त्या बाजूनं कुंपण नाही आणि बाईंनी ते मागितल्याचे अर्ज शाळेच्या फायलीत आहेत. धोतऱ्याला खतावलेली, उकरलेली, कुणीच न राखलेली जमीन लागते, म्हणजे उकिरड्यासारखी. त्यात गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गावातल्या शेळ्या आणि गाई बाकीचा हिरवा पाला खाऊन जातात, आणि मागे उरतो तो धोतरा. वर्षानुवर्षं असंच चाललं की तिथं त्याचंच राज्य होतं. यात बाईंचा दोष काय? बाईंनी नोटिशीला उत्तर दिलं, नोटीस मागे घेतल्याचं पत्र मात्र अजून आलेलं नाही. त्या आता मुलांना मधल्या सुट्टीत वर्गाबाहेरच सोडत नाहीत. दोष त्यांना देता येणार नाही, पण पोरं कोंडून ठेवायची म्हणजे शाळा कसली?

तिसरी तक्रार तणनाशकाची. परिपत्रकानंतर लगेच एक माणूस पाठीवर पंप घेऊन आला, तीस-चाळीस फुटांचा पट्टा फवारला, फोटो काढले आणि गेला. ज्या दिवसांत फवारणीच्या विषाच्या भीतीनं बाप अर्धमेला झाला होता, त्याच दिवसांत शाळेच्या मागच्या खिडकीखाली फवारणी! त्या दिवशी मुलं वर्गात बसलेली होती. पंपात काय होतं ते विचारलं, तर कुणाला सांगता आलं नाही. ग्लायफोसेट असेल तर २०२२ साली केंद्रानं अधिसूचना काढून त्याच्या वापरावर निर्बंध घातले आहेत, हे आपल्या कृषी विभागाला विचारून घ्यावं.

बरं, फवारून साधलं काय? झाडांवर तेव्हा बोंडं धरलेली होती. झाडं वाळली, बोंडं तडकली आणि बिया सगळ्या मैदानभर सांडल्या. वाळल्यानं धोतऱ्याचं विष जात नाही. त्याच्या बिया मातीत कित्येक वर्षं, दशकंसुद्धा जिवंत राहतात आणि माती हलली, पाऊस पडला की उगवतात. फुलावर येण्याआधी खुरप्यानं मुळासकट काढला तर धोतरा हटतो. बोंडं धरल्यावर फवारला तर तो पेरला जातो. हे कुठल्याही शेतकरी बाईला विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

चौथी तक्रार "कोणतंही रानफळ" या दोन शब्दांविषयी आहे आणि तिच्याबद्दल मला जरा रागही आहे.

आमच्या मुलांच्या आयुष्यातून बोर, जांभूळ, करवंद, कामोणी, चिंच काढून घेतली तर उरतं काय? पाच रुपयांची कुरकुरीत पाकिटं. ती शाळेच्या फाटकासमोर मिळतात आणि त्यांच्याविषयी परिपत्रक नाही. दर पावसाळ्यात आपलाच कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो. कर्टुली, टाकळा, कुरडू मांडून ठेवतात, पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन होतं, रानातलं खा म्हणून भाषणं होतात. एक खातं खा म्हणतं, दुसरं शिवू नका म्हणतं, आणि आजी कुणाचं ऐकणार?

ही बंदी पाळलीही जाणार नाही. मूल बोराच्या झाडाखालून रिकाम्या हातानं येत नाही. गुरुजींनी सगळीच फळं विषारी सांगितली आणि पोरानं चार बोरं खाल्ली, त्याला काहीच झालं नाही, तर गुरुजींचं धोतऱ्याविषयीचं बोलणंही त्याच दिवशी खोटं ठरलं.

शिवाय याच कुळात खाण्याची फळं आहेत. धोतऱ्याचं कूळ म्हणजे वांग्या-बटाट्याचं कूळ. टोमॅटो, मिरची, तंबाखू, अश्वगंधा सगळी त्यातलीच. आमच्या बांधावर या कुळातलं काय काय उगवतं ते सांगते. कामोणीचं झुडूप गुडघ्याएवढं, फळं घोसात, मोहरीपेक्षा मोठी आणि मिरीपेक्षा जराशी थोराड. पिकून काळी झाली की पोरं खातात, आम्हीही खाल्ली. हिरवी मात्र खायची नाहीत, त्यात सोलॅनीन नावाचं विष असतं, पोटात कळा येतात, उलट्या होतात. चिरबोटी, म्हणजे रानपोपटी, कागदी पिशवीत बसलेली. पिशवी वाळून फळ पिवळं झालं की गोड, हिरवं असताना नको. अश्वगंधेचं फळही तसंच पातळ पिशवीत असतं, पण पिकल्यावर लाल. ते खायचं नाही. म्हणजे पिशवीतलं पिवळं आणि पिशवीतलं लाल यांतला फरक मुलाला ठाऊक हवा. भुईरिंगणी जमिनीलगत पसरते, पानांवरसुद्धा पिवळे काटे, जांभळी फुलं, फळं आधी हिरवी-पांढरी पट्ट्यांची आणि मग पिवळीधमक. दिसायला पिटुकली वांगी. तिचं मूळ दशमुळात जातं, वैद्य खोकल्यावर देतात, पण पोरांनी तिची फळं गोट्या म्हणून खेळावीत आणि तोंडात घालू नयेत.

ही ओळख आमच्या आयांना, आज्यांना होती. मी नर्सिंगच्या शाळेत गेले त्याआधी मला कामोणी केव्हा खायची ते ठाऊक होतं. आता आई ऊसतोडीला जाते, मूल वसतिगृहात राहतं किंवा मोबाइलवर असतं, आणि मोबाइलवर विषारी फळांचा व्हिडिओ शोधला तर बेलाडोनाची चकचकीत काळी फळं दाखवतात. बेलाडोना आमच्या जिल्ह्यात उगवत नाही. आपल्या देशात तिची बहीण उगवते तीही काश्मीरकडच्या डोंगरांत. आमच्या पोराला उकिरड्यावरचा धोतरा दाखवायला हवा.

एक गोष्ट जाता जाता. फोटोच्या दिवशी धोतरा फवारला गेला, पण शाळेच्या दर्शनी बागेतली रातराणी तशीच आहे. ती एका मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते लावलेली, त्यामुळे तिला कोण हात लावणार. रातराणी याच कुळातली आणि तिची पांढरी फळं विषारीच. ती तोडा असं माझं म्हणणं नाही, वास फार छान येतो. पण तिच्याबद्दल मुलांना सांगा.

पाचवी तक्रार आरोग्य खात्यासाठी, माझ्याच माणसांसाठी, त्यामुळे सांभाळून लिहिते. फवारणीच्या विषबाधेचा तक्ता आमच्या केंद्राच्या भिंतीवर आहे, सापाचा आहे, विंचवाचा आहे. वनस्पतींच्या विषबाधेचा नाही. फायसोस्टिग्मीन हा धोतऱ्यावरचा उतारा पुस्तकात आहे, माझ्या नोकरीत मी तो केंद्रात कधी पाहिला नाही. तो प्रत्येक केंद्रात ठेवा असा हट्टही मी धरणार नाही, कारण तो जपून आणि हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून द्यावा लागतो. बहुतेक मुलं त्याच्याशिवाय, नीट शुश्रूषेनं बरी होतात. पण दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, ते चोवीस तास फोनवर डॉक्टरांनाच काय, कुणालाही सल्ला देतं, त्याचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक किती केंद्रांत लिहिलेला आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. दात, डोळे, वजन सगळं बघतं. त्याच फेरीत शाळेभोवती एक चक्कर मारायला दहा मिनिटं लागतील.

घरच्यांना काय करू नये हेही कुणीतरी सांगायला हवं. त्या दिवशी एका मुलाला घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न झाला होता. भ्रमात असलेल्या मुलाला असं पाजलं की पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. काही पाजायचं नाही, थंड जागेत धरून ठेवायचं, उरलेल्या बिया किंवा फळ पुडीत बांधून सोबत घ्यायचं आणि निघायचं.

आता जरा नाजूक विषय. धोतरा महादेवाला प्रिय. महाशिवरात्रीला आणि श्रावणातल्या सोमवारी देवळाबाहेर बेल, धोतऱ्याची फुलं आणि बोंडं पानाच्या द्रोणात विकायला असतात. द्रोण विकणारी बरीचशी लहान मुलंच असतात. पाच ज्योतिर्लिंगं ज्या राज्यात आहेत तिथं हे होणारच, आणि मीही वाहते, पुढंही वाहीन. माझं म्हणणं निर्माल्याविषयी आहे. आमच्या गावातल्या महादेवाच्या देवळामागं ते ढिगानं पडतं, वाळतं आणि बोंडं फुटतात. देवळाला लागूनच अंगणवाडी आहे. देवावर वाहिलेलं वाईट कसं असेल, असं लेकराला वाटलं तर त्याचं काय चुकलं?

एवढा आरडाओरडा कशाला, दोन पोरांनी बिया खाल्ल्या आणि दोन्ही वाचली, असं कुणी म्हणेल. आपल्या कार्यालयातल्या एका गृहस्थांनी मला फोनवर तसं म्हटलंही. त्यांच्यासाठी दोन उदाहरणं. २०१९ साली युगांडाच्या करामोजा भागात जागतिक अन्न कार्यक्रमानं वाटलेल्या पोषण पिठात धोतऱ्याच्या जातीतलं विष मिसळलेलं निघालं. ते पीठ लहान मुलं आणि गरोदर-स्तनदा आयांसाठी होतं. सुमारे तीनशे माणसं आजारी पडली, पाच दगावली. डिसेंबर २०२२मध्ये ऑस्ट्रेलियात दुकानातल्या कोवळ्या पालकात धोतऱ्याची पानं मिसळली गेली आणि शंभराहून जास्त लोकांना भास, धडधड, धूसर दिसणं असा त्रास झाला. तिथल्या सरकारांनी झाडाचं नाव घेऊन लोकांना सावध केलं, माल परत मागवला. आमच्याकडे सोयाबीनच्या शेतात धोतरा तण म्हणून उगवतो आणि मळणीत येतो. त्याच्या बियांचं मिरचीच्या बियांशी इतकं साम्य असतं की न्यायवैद्यकाच्या पुस्तकात दोन्हींतला फरक सांगणारा तक्ता असतो. पूर्वी वाटमारे प्रवाशांना अन्नातून धोतरा देऊन लुटत, त्यातून तो तक्ता आला. शाळेच्या पोषण आहारातली मटकी, मूग निवडताना त्या स्वयंपाकी ताईंना हे बी कधी कुणी दाखवलं आहे का?

मागण्या अशा :

१. परिपत्रक मागे घ्या आणि नवं काढा. त्यात धोतऱ्याचं नाव, त्याचं चित्र आणि विषबाधेची लक्षणं असू द्या. सोबत चंद्रज्योतीचंही. "कोणतंही रानफळ" हे शब्द काढून टाका.

२. मुख्याध्यापिकांची नोटीस लेखी रद्द करा. कुंपणाच्या त्यांच्या अर्जांवर काय झालं ते शाळा व्यवस्थापन समितीला कळवा.

३. शाळा आणि अंगणवाडीच्या आवारात व भिंतीलगत तणनाशक मारणं बंद करा. धोतरा फुलावर येण्याआधी, म्हणजे पहिल्या पावसानंतर महिन्या-दीड महिन्यात, उपटून काढा. हे काम ग्रामपंचायतीचं आहे आणि त्याची मजुरी द्यावी. आशाताईंच्या माथी आणखी एक फुकटचं काम मारू नका, त्यांच्याकडे ती पुष्कळ आहेत. उपटलेली झाडं जाळू नका, त्याचा धूरही बाधतो. खोल खड्ड्यात पुरा.

४. पहिल्या घटक चाचणीआधी प्रत्येक शाळेत एक तास शाळेबाहेर घ्या. गावातल्या एखाद्या जाणत्या आजीला मानानं बोलवा. कोणतं खायचं, केव्हा खायचं, कोणतं नुसतं बघायचं, हे झाडापाशी उभं राहून सांगू द्या. परिसर अभ्यासाला याहून चांगला धडा नाही. मुलांना भीती घालू नका, ती भीतीपोटी सांगत नाहीत आणि मग उशीर होतो. धोतरा खाल्ला हे सांगणाऱ्या मुलाला मार बसणार नाही, हेही त्याच तासाला सांगा.

५. प्रत्येक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्रात एक तक्ता लावा. त्यावर दोन डोळ्यांची चित्रं पुरेत, एक बारीक बाहुलीचा आणि एक विस्फारलेल्या बाहुलीचा. खाली विष माहिती केंद्राचा क्रमांक. फवारणीच्या हंगामाआधी सगळ्या नव्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना तो समजावून सांगा.

६. देवस्थानांच्या विश्वस्तांना विनंती करा की धोतऱ्याची बोंडं वेगळी काढून त्याच दिवशी पुरावीत. भाविक नाराज होणार नाहीत, मी विचारून पाहिलं आहे. पुजाऱ्यांनीही होकार दिला, फक्त खड्डा कुणी खणायचा यावर गाडी अडली आहे.

७. पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना धोतऱ्याचं बी एकदा हातात देऊन दाखवा. शोध, अहवाल, समिती काही नको.

यातल्या कशालाही मोठा निधी लागत नाही, त्यामुळे निधी नाही हे उत्तर मी धरणार नाही.

आमच्या गावापुरतं आम्ही ठरवलं आहे. पाऊस पडून कोंब दोन-दोन पानांवर आले की पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर मोठी माणसं खुरपी आणि हातमोजे घेऊन मागच्या जागेत जमतील. मुख्याध्यापिकाबाई येणार आहेत, त्या दोन मुलांचे वडील येणार आहेत. सरपंचांनी खड्ड्यासाठी जेसीबी द्यायचं कबूल केलं आहे, बघू. आपल्या कार्यालयातून कुणी आलं तर आनंदच होईल. येताना नोटीस रद्द केल्याचं पत्र आणावं, कॅमेरा नसला तरी चालेल.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका